विषयाला धरून

यंदा थंडी रखडत रखडत आली, पण आली एकदाची. परवा दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि त्याच्याबरोबर किनाऱ्यावरच्या आगर गावात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट आमच्या वाडीत शिरला. चिकूच्या झाडाखाली उभं राहून सुक्या मासळीचा वास घ्यायचा, ही चैन आमच्या डहाणूकडेच. हातातली पाटी खाली ठेवून मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. आमच्या ग्रुपवर कुणीतरी ह्या वर्षीच्या पहिल्या शेवंतीचा फोटो टाकला होता.

शेवंतीने काय घोडं मारलंय माझं? काही नाही. पण मागच्या हिवाळ्यात पायाखालची जमीन दर दोन दिवसांनी हलत होती, आणि मी ह्याच शेवंत्यांच्या फोटोंखाली 'सुरेख! पाणी बेताने घाला' असं लिहीत बसले होते. त्याच हिवाळ्यात एका बाईला, जिच्या घराची भिंत पडायला आली होती तिला, मी त्या भिंतीवर चढवायला वेल सुचवली. वर तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. ते आठवलं की अंगावर काटा येतो, आणि काट्यापेक्षा जास्त स्वतःचा राग येतो.

ग्रुपचं नाव 'कुंडीतली बाग'. दोन हजार पंधरा साली कोसबाडला रोपं लावण्याचं एक शिबिर होतं, तिथे भेटलेल्या आम्ही अकरा बायका आणि वाणगावचे राऊत काका. काका नोकरीतून मोकळे झालेले, गच्चीभर मिरच्यांच्या कुंड्या, आणि बोलायला घरात कोणी नाही. परत येताना कोणीतरी म्हणालं, एक ग्रुप काढू या, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का, तर मी शाळेच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं मदतनीस होते, म्हणजे मला शिस्त असणार. होती की. नोकरी मात्र त्याच्या वर्षभर आधी सुटली होती. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि घरात कोणीतरी कायम हवं असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, जेवताना आमचे हे म्हणाले, "आता कोणीतरी घरी लागेल," आणि भाजी वाढणाऱ्या हाताकडे सगळ्यांनी बघितलं. हात माझा होता.

ग्रुपचे नियम मी वहीत लिहून काढले. बोलायचं ते फक्त झाडांबद्दल. फोटो स्वतः लावलेल्या झाडाचा. सुप्रभात घालायचीच असेल तर आपल्या कुंडीतल्या फुलासकट घालायची, नाहीतर सूर्य आपला आपण उगवतो. राजकारण नाही, देवाधर्माचे निरोप नाहीत, 'दहा जणांना पाठवा' तर अजिबात नाही. जो विषय सोडेल त्याला मी पिवळ्या पानाचं चित्र पाठवायचे. तीन पिवळी पानं झाली की महिनाभर ग्रुपच्या बाहेर. पहिल्या वर्षी लोकांना गंमत वाटायची. बाजारात भेटल्या की बायका हसत सांगायच्या, "ताई, काल मला पान पडलं हो!" पुढे बारा जणांचे शंभरावर गेले. डहाणू, वाणगाव, तलासरी, थेट उंबरगावपर्यंतचे. मग गंमत संपली आणि पहारा सुरू झाला.

तुम्हाला वाटेल, ॲडमिन म्हणजे काय थाट! कप्पाळ. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तव्यावर भाकरी आणि फोन थरथरतोय. बाबांना कुशीवर वळवतेय आणि फोन थरथरतोय. कोणी गणपतीची आरती टाकलीय, कोणी लग्नाची पत्रिका, कोणी कोणाला मूर्ख म्हटलंय, आणि भांडण कशावरून, तर जास्वंदीवरच्या किडीवरून. "बंद करून टाक ना तो ग्रुप," हे म्हणायचे. सोडायचा म्हटला तरी सुटेना. कारण खरं सांगायचं तर माझं ऐकणारे लोक जगात तेवढेच होते. घरात मी सांगितलेलं मीठसुद्धा कोणी पुढे सरकवत नसे, आणि तिथे मी 'थांबा' लिहिलं की शंभर माणसं थांबायची. ह्याची चटक लागते हो. चहासारखी लागते.

हिवाळा हा तसा कुंडीवाल्यांचा सणच. शेवंती, झेंडू, कोथिंबीर, गच्चीवरचे टोमॅटो. सकाळी ताडाच्या झाडावरून उतरवलेली ताजी नीरा प्यायची, पाण्याने हात गार पडेपर्यंत कुंड्यांना पाणी घालायचं, आणि नऊ वाजले की उन्हात पाठ करून बसायचं. त्या वर्षीही सगळं तस्संच सुरू झालं होतं. दोन हजार अठराची दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि मग एक दिवस आवाज आला.

आधी आवाजच यायचा. खोल, जमिनीच्या पोटातून, रिकामा ट्रक खड्ड्यातून गेल्यासारखा. मग मांडणीवरची भांडी बोलायची, मग खाट सरकायची. पहिले काही दिवस आम्ही म्हणत राहिलो, तलासरीकडे खाणीत सुरुंग लावत असतील. मग तलासरीकडून कळलं, तिकडचे लोक म्हणतायत की सुरुंग डहाणूला लागतायत! त्यानंतर कोणी सुरुंगाचं नाव काढलं नाही.

हादरा बसला की सगळे अंगणात पळायचे. हे, धाकटे दीर, जाऊ, तिची मुलगी, गडीमाणसं, सगळे. मी सोडून. बाबांना हलवायला दोन धडधाकट पुरुष आणि एक चादर लागते, आणि जमीन हलते ती सात-आठ सेकंद. तेवढ्यात चादर कुठे शोधणार? पहिल्या वेळी मीही पळाले होते, खोटं कशाला बोलू. उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं.  तोंडाची एकच बाजू चालते बाबांची, बोललेलं फक्त मला कळतं. ते नुसते माझ्याकडे बघत होते. मी परत आले, खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढली आणि बसले. तेव्हापासून ती माझी जागाच झाली. हादरा कधी येईल ह्याचा नेम नाही म्हणून मी दिवसाचा बराच वेळ तिथेच काढायला लागले. तिथेच भाजी निवडायची, तिथेच कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि मान खाली घालून तिथेच ग्रुप बघायचा. बाहेरून जाऊबाई ओरडायची, "वहिनी, या ना बाहेर!" या ना म्हणे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि ग्रुपवर काय? 'आत्ता जाणवला का?' 'आम्ही सगळे पळालो!' 'आमची मनी आधीच बाहेर गेली होती, प्राण्यांना कळतं.' एकेक ओळ मला सुईसारखी टोचायची. पळालो, पळालो, पळालो. जगात सगळे पळू शकत होते. मी पहिल्याच दिवशी लिहून टाकलं, 'हा ग्रुप झाडांसाठी आहे. हादऱ्यांबद्दल इथे काहीही लिहू नये. घबराट पसरते.' घबराटीचं निमित्त होतं. मला माझ्या हातातली ती एक जागा तरी अशी हवी होती जिथे काही हलत नाही. तिथे फक्त शेवंती फुलेल, कोथिंबीर उगवेल, कोणी कुठे पळणार नाही. त्या महिन्यात मी जितकी पिवळी पानं वाटली तितकी आधीच्या तीन वर्षांत वाटली नव्हती.

राऊत काकांनी मला चांगलंच पिडलं. पहिलं पान पडल्यावर त्यांनी फुटलेल्या कुंडीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मिरचीची कुंडी कठड्यावरून पडली. कशी पडली ते विचारू नका, नियम आहे.' लोकांनी हसून हसून धुमाकूळ घातला. मी दुसरं पान पाठवलं. तर दुसऱ्या दिवशी चार जणांनी चार फुटक्या कुंड्या टाकल्या, आणि काकांनी विचारलं, 'ताई, फुटकी कुंडी विषयात बसते की नाय? तेवढं सांगा, म्हणजे बरं पडेल.' बसते की! नियमाप्रमाणे बसतेच. पण मला त्या शंभर माणसांचं एकत्र हसणं सहन झालं नाही. मी तिसरं पान टाकलं आणि काकांना काढलं. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, भांडायला नाय फोन केला. घरी एकटाच असतो वो मी. धक्का बसला की कोणाला तरी सांगावंसं वाटतं. बस, तेवढंच." मी म्हटलं, "काका, नियम म्हणजे नियम." आणि फोन ठेवला. पाषाणहृदयी म्हणतात ते असं असतं का? नाही हो, मी फोन ठेवल्यावर रडले. पण काकांना परत घेतलं नाही.

'विषय सोडून बोलू नकोस' हे वाक्य माझ्या कानांनी जन्मभर ऐकलंय. माहेरी मामा लग्नाची बोलणी करत होते आणि मी विचारलं, मला पुढे शिकू देतील का, तर मामा म्हणाले, विषय काय चाललाय आणि ही काय बोलतेय! सासरी वाडीच्या पाण्याचं बोलणं चाललं होतं, मी म्हटलं, बाबांसाठी दिवसा एखादी बाई बघू या का, मी शाळेत परत जाईन. ह्यांनी पाण्याचंच बोलणं पुढे चालू ठेवलं. नंतर म्हणाले, "वेळ-काळ बघून बोलत जा गं." बायकांना जे बोलायचं असतं ते नेहमी विषय सोडूनच का असतं, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. आणि एवढा विचार करून, एवढं सोसून, माझ्या हातात सत्ता आली तेव्हा मी काय केलं? मामांसारखीच बसले की मधोमध.

आता जमनाची गोष्ट. जमना तलासरीकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. तिशीची असेल, बारीक चणीची, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. ग्रुपवर फारशी बोलायची नाही. वर्षातून दोनदा दुधीचा नाहीतर वालाच्या वेलाचा फोटो टाकायची, आणि खाली लिहायची, 'नमस्ते ताई, हे माझं आहे.' तिला कधी एकही पान पडलं नव्हतं. काकांना काढलं त्याच्या चौथ्या दिवशी तिचा फोटो आला. घराची बाहेरची भिंत आणि पायथ्याची माती. खाली प्रश्न होता, 'ताई, ह्या भिंतीवर कुठली वेल लावू? भिंतीला धरून ठेवील अशी पाहिजे.'

काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या धिंगाण्यात एक सरळ, नियमातला प्रश्न. मी खुर्चीत सरसावून बसले आणि लांबलचक उत्तर लिहिलं. बारीक पानांची, भिंतीला चिकटून चढणारी वेल असते ती लावा. तिची मुळं भिंतीत रुततात, भिंत घट्ट धरतात, दोन पावसाळ्यांत सगळी भिंत हिरवी होते. फोटोत माती पांढुरकी दिसतेय, शेणखत कमी पडतंय, तेवढं घाला. खाली सगळ्यांसाठी लिहिलं, 'विषयाला धरून प्रश्न कसा विचारावा ते जमनाकडून शिका.' त्यावर टाळ्या वाजवणारे हात आले, दहा-बारा. जमनाने लिहिलं, 'बरं ताई.' मग थोड्या वेळाने अजून एक ओळ, 'दोन पावसाळे लागतील काय?' मी लिहिलं, 'धीर धरा, झाडांना घाई चालत नाही.'

संक्रांतीला आमच्या ग्रुपचं हळदीकुंकू असतं. वाण म्हणून प्लास्टिकची डबी नाहीतर गाळणी नाही द्यायची, आपण वाढवलेलं रोप द्यायचं. आमच्या अंगणात चाळीस-पन्नास बायका जमतात, पिशव्यांतून तुळशी, गवती चहा, ब्रह्मकमळाची पानं. त्या वर्षी नऊ जणी आल्या. त्या नऊ जणी अंगणातच बसल्या, घरात पाऊल टाकायला कोणी तयार नाही, आणि माझ्यासमोर कारण बोलायलाही कोणी तयार नाही. तिळगूळ दिला, गोड बोलल्या, अर्ध्या तासात गेल्या. जमना आली नव्हती. तिच्यासाठी मी त्या चिकटवेलीचं रोप तयार करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. दोन दिवसांनी माझी नणंद बोईसरहून बाबांना बघायला आली. ह्यांना तलासरीला काम होतं. मी म्हटलं, मलाही सोडा, एक रोप द्यायचंय. हे म्हणाले, एका रोपासाठी? मी म्हटलं, हो, एका रोपासाठी. दोन महिन्यांत मी कुंपणाबाहेर गेले नव्हते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंगणात ताडपत्र्या ताणलेल्या होत्या. घरं मागे उभी आणि चुली, खाटा, भांडीकुंडी सगळी पुढे, उघड्यावर. कारवीच्या काठ्यांची, मातीने लिंपलेली कुडाची जुनी घरं जशीच्या तशी होती. ती हादऱ्याबरोबर डुलतात आणि परत उभी राहतात. जी नवीन, विटांची, हौसेने बांधलेली, त्यांना भेगा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी पान दिलं असतं.

जमना आंब्याच्या झाडाखाली अंगणवाडी भरवत होती. मला बघून आधी घाबरली, मग धावत आली. "ताई, तुम्ही! एवढ्या लांब?" मदतनीस बाईकडे पोरं सोपवून ती मला घरी घेऊन गेली. दोन खोल्यांचं विटांचं घर, भिंतीला निळा रंग, दारावर नवरा-बायकोचं नाव. नवरा वापीला कंपनीत, रविवारी येतो. घरात म्हातारी सासू, गुडघ्यांनी अधू, आत खाटेवर पडलेली. मी रोप हातात धरून घराच्या बाजूला गेले, आणि तिथेच थिजले. खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत भिंत उभी फाटली होती. माझी बोटं सहज आत गेली असती. भेगेतून आतल्या खोलीतला उजेड दिसत होता.

"अगं बाई!" मी ओरडलेच. "अगं, हे तू फोटोत दाखवलं नाहीस!"

"दाखवलेलं ताई," ती म्हणाली. "मधोमध होतं. तुम्ही बोललात, शेणखत कमी आहे."

मी फोन काढला. तिचा फोटो शोधला. मधोमध, अगदी मधोमध, वरपासून खालपर्यंत काळी रेघ. तेव्हा कमी होती, पण होती. मी माती बघितली होती. 

"सरळ का नाही सांगितलंस गं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कोणाला सांगू? त्यांना फोनवर सांगितलं तर ते चिडतात. बोलले, माझ्या घराला नावं ठेवू नको, लोक हसतील. सासूबाईंना बाहेर चला बोलले तर त्या बोलतात, माझ्या लेकाने बांधलेल्या घरातून मी नाय हलणार. ग्रुपवर हादऱ्याचं बोलायचं नाय. राऊत काकांना काढलंत ना तुम्ही. मग मी वेलीचं विचारलं. मला वाटलं, तुमचं लक्ष जाईल." थोडं थांबून म्हणाली, "आणि तुम्ही बोललात, मुळं भिंत धरतात. म्हणून शेणखत टाकलं मी. हे बघा."

खरंच टाकलं होतं. भेगेच्या बरोबर पायथ्याशी आळं करून, दगड लावून, माती भुसभुशीत करून ठेवली होती. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात तो आवाज आला. आणि मी पहिल्यांदा बाहेर होते. डोक्यावर आभाळ होतं, आजूबाजूला मोकळी भातखाचरं, पेंढ्याची उडवी, आणि पायाखालून जमीन गेली ती गेलीच नुसती, माझ्यावर पडायला काही नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, इतकं हलकं, की मी हसले असेन. घर आठवलं नाही, बाबा आठवले नाहीत. आणि माझ्या डोळ्यांदेखत जमना आत धावली. सगळा पाडा बाहेर येत होता आणि ती एकटी आत गेली.

मी हलले नाही. रोप छातीशी धरून उभी राहिले. आतून विटा पडल्याचा आवाज आला, धूळ दारातून बाहेर आली, आणि मला तोंडातून साधी हाक मारता आली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल गेला. मग धुळीतून जमना आली, सासूला पाठीवर घेऊन, वाकलेली, केस पांढरे झालेले. म्हातारीला तिने झाडाखाली उतरवलं. म्हातारी खोकली, आधी जमनाला शिव्या घातल्या, मग "माझी तंबाखूची डबी आत राहिली" म्हणून रडायला लागली. शेजारचा एक जण डबी आणायला आत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, "आजी, खाटेच्या उशाकडे विटाच विटा हायेत."  मग म्हातारी जमनाचा हात धरून म्हणाली, "त्याला फोन लाव. सांग, आई बोलते, मी आता आत नाय जायची." जमना तेव्हा रडली. मी तिला जवळ घेतलं, तर तीच मला म्हणते, "ताई, रोप दाबू नका, मोडेल."

मोडलंच होतं ते. देठापासून.

परतताना मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. नणंद चहाला आत गेली आणि मी बाबांच्या पायथ्याशी माझ्या खुर्चीत बसले. सगळ्यात आधी राऊत काकांना ग्रुपमध्ये परत घेतलं. मग लिहिलं, 'माझं चुकलं. आज विषय सोडा. ज्यांच्या घराला भेग गेली असेल त्यांनी फोटो टाका. कोणाला ताडपत्री, बांबू, माणसं लागतील ते लिहा. जमनाला सगळंच लागेल.'

पाच मिनिटं काही नाही. मला वाटलं, संपलं, आता कोण बोलतंय माझ्याशी. मग काकांच्या गच्चीच्या कठड्याचा फोटो आला, दोन तुकडे झालेला. खाली लिहिलं होतं, 'ताडपत्री हाये माझ्याकडे. उद्या सकाळी निघतो.' आणि त्याच्यामागून धरण फुटलं. भिंती, खांब, चौकटी, तुळशीवृंदावनं, न्हाणीघरं. एकामागून एक येतच राहिले. ते त्या दिवशी काढलेले नव्हतेच. काहींत दिवाळीचे कंदील अजून टांगलेले होते. दोन-दोन महिने सगळ्यांनी ते आपापल्या फोनमध्ये सांभाळून ठेवले होते, आणि माझ्या शेवंतीला 'वा ताई' म्हणत होते.

"काय... बघतेस?" बाबांनी विचारलं. मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि एकेक फोटो दाखवायला लागले. ही वाणगावची, ही कोसबाडची, ही जमनाची. ते नीट बघत होते, घाई करत नव्हते. मग म्हणाले, "आपला... पण टाक."

"आपला कुठला बाबा? आपल्याकडे काही झालेलं नाही."

त्यांनी डावा हात उचलला, तो चांगला आहे. माझ्या डोक्याच्या वर बोट केलं. मी खुर्चीतून वळून बघितलं. आढ्यापासून निघालेली भेग माझ्या खुर्चीच्या बरोबर वर येऊन थांबली होती. जिथली जळमटं आपण वर्षातून एकदाच काढतो तिथे सुरू झालेली, खाली येता येता करंगळीएवढी रुंद झालेली. मी पाठ करून बसत होते. त्यांची मान वळत नाही, त्यांना तेवढीच भिंत दिसते.

"कधीपासून आहे?"

"आधी... केसाएवढी होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसदिवस मी तिथे बसले होते, भाजी निवडली होती, बाबांसाठी बसले होते, आणि बाबा बघत होते. "बाबा, अहो माझ्या डोक्यावर होती ती! सांगायचं नाही मला?"

त्यांच्या चालत्या बाजूचा ओठ थरथरला. शब्द जमवायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले.

"सांगितलं असतं... तर बसली असतीस?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि आयुष्यभर ह्या घरात मी ते बोलत आले होते. पण त्या दिवशी मला ते जमलं नाही.

"नसते बसले, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणून," ते म्हणाले.